घोडेस्वार घरी परतला तेव्हा

अक्कलकुव्याहून सागबाऱ्याकडे जाताना खापर लागतं. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचं, महाराष्ट्राच्या पार कडेचं हे गाव. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्यामागे नर्मदा, दक्षिणेला तापीकाठची काळी जमीन, पश्चिमेला थोड्याच अंतरावर गुजरात. दोनशे वर्षांपूर्वी या टापूत होळकर, पेशवे, गायकवाड आणि राजपिपळ्याचे राजे यांच्या हद्दी एकमेकींना भिडत होत्या. डोंगरात मात्र यांच्यापैकी कुणाचाच हुकूम फारसा चालत नसे. तिथं काठी, सिंगपूर, चिखली, नाल, नवलपूर, गव्हाळी या मेवासातल्या, म्हणजे छोट्या डोंगरी संस्थानांतल्या, भिल्ल नायकांचा शब्द चाले.

१८१८ साली मराठी राज्य बुडालं. कोणत्या लढाईत कोण हरलं, हे शाळेतल्या पोरालाही सांगता येतं. पण पेशव्यांच्या, होळकरांच्या, भोसल्यांच्या फौजांत हजारोंनी घोडेस्वार होते. पिढ्यान् पिढ्या त्यांनी घोडा आणि भाला यांखेरीज दुसरं पोटाचं साधन पाहिलं नव्हतं. वर्षभरात त्यांची चाकरी गेली, धनी गेला आणि ज्यांच्यावर स्वारी करायची तो मुलूखही गेला. मग हे लोक गेले कुठं? या प्रश्नाच्या उत्तराचा बराच मोठा भाग खानदेशात आणि सातपुड्यात सापडतो, कारण त्या युद्धाचे शेवटचे दिवस याच पट्ट्यात गेले.

मराठी घोडेस्वारांत दोन प्रकार ठळक होते. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून किंवा सरदाराच्या पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. शिलेदाराचा मान मोठा, पगारही जास्त. पण जोखीम सगळी त्याच्याच डोक्यावर. लढाईत घोडा पडला तर भरपाईची खात्री नसे. घोडा गेला की शिलेदारी गेली, आणि दुसरा घेण्याइतका पैसा गाठीला नसेल तर कालचा शिलेदार उद्या कुणाच्या तरी पागेत बारगीर म्हणून उभा राहायचा. मराठी स्वार थेट तोफेच्या तोंडी जायला नाखूष असतात, असं अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी फौजांत वावरलेल्या युरोपीय अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलंय. त्यांतल्या जाणत्यांनी कारणही दिलंय. घोडा हीच त्या माणसाची शेती, तोच त्याचा वाडा आणि तोच त्याच्या मुलीच्या लग्नाचा पैसा होता. भित्रेपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडला नाही.

घोड्याची पारख या टापूत अजून जिवंत आहे. नंदुरबार जिल्ह्यातच, शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा आहे. तिथं दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी जनावरं लांबून येतात. घेणारा आधी दात बघतो, मग खूर, मग अंगावरचे भोवरे. मानेवरचा भोवरा शुभ, अमक्या जागेचा अशुभ, हे सारं शास्त्र तोंडी चालत आलंय. जुन्या शिलेदारालाही घोडा घेताना हेच बघावं लागे. फरक इतकाच की त्याची चूक झाली तर किंमत जिवानं मोजावी लागे.

फौजेचं वर्ष दसऱ्याला सुरू होई. सीमोल्लंघन झालं की नालबंदीची रक्कम हातात पडायची, घोड्याला नाल ठोकायचे आणि मुलुखगिरीला निघायचं. मृग तोंडावर आला की माघारी. म्हणजे बहुतेक शिलेदार अर्धं वर्ष शेतकरीच असत. पाटलांची, देशमुखांची धाकटी पोरं, वाटणीला चार बिघे आलेली. १८१८नंतर काय झालं ते समजून घ्यायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ज्याच्या मागं गाव होतं आणि गावात जमिनीचा तुकडा होता, त्याला परतायला जागा होती. ज्याच्या मागं काहीच नव्हतं, त्याची वाट वेगळी झाली.

युद्धाची हकीगत थोडक्यात अशी. १३ जून १८१७च्या पुणे तहानं इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या गळ्यात एक फौज बांधली. तिचा खर्च पेशव्याच्या मुलखातून जायचा, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्याचा चालायचा. तिच्यातलं घोडदळ म्हणजे ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’. त्यातले स्वार इथलेच, घोडे त्यांचेच, बसण्याची तऱ्हाही तीच. नोव्हेंबरात खडकीला तोंड लागलं. १ जानेवारी १८१८ला कोरेगाव भीमाला पेशव्याच्या मोठ्या घोडदळानं कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीला घेरलं. आत मुंबईच्या पायदळाचे सुमारे ५०० शिपाई होते, त्यांत महार शिपायांचा भरणा मोठा. त्यांच्याबरोबर लेफ्टनंट स्वान्स्टनच्या हाताखाली याच ऑक्झिलरी हॉर्सचे दोन-अडीचशे स्वार होते. गावकुसाच्या आत आणि बाहेर एकाच मुलखातले, एकाच पद्धतीनं वाढलेले घोडेस्वार होते. कोण कोणत्या बाजूला, हे पगार कुणाकडून मिळतो त्यावर ठरलं होतं.

त्याआधी अकरा दिवस, २१ डिसेंबर १८१७ला, क्षिप्राकाठी महिदपूरला होळकरांची फौज मोडली. ६ जानेवारीच्या मंदसोर तहानं होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा आपला मुलूख, म्हणजे खानदेशातला मोठा भाग, इंग्रजांना देऊन टाकला. कागदावर दिला, किल्ल्यांत बसलेल्यांना तो मान्य होता का, हे कुणी विचारलं नव्हतं. २७ फेब्रुवारीला इंग्रज सेनापती सर टॉमस हिस्लॉप तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यासमोर आला. किल्लेदार तुळशीराम मामा. आत तीनेकशे माणसं, त्यांत अरब पुष्कळ. तोफा डागल्यावर किल्लेदार स्वतः दिंडीतून बाहेर येऊन स्वाधीन झाला. इंग्रज अधिकारी एकामागून एक दरवाजे ओलांडत आत गेले आणि शेवटच्या दरवाजापाशी अरबांशी बोलाचाली झाली. दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा कळेना. हाणामारीत मेजर गॉर्डन आणि त्याच्याबरोबरचा कॅप्टन मारले गेले. मग बाहेरची फौज आत घुसली आणि शिबंदीतला जवळजवळ प्रत्येक माणूस कापला गेला. आधीच शरण आलेल्या किल्लेदाराला त्याच संध्याकाळी फाशी दिलं. या फाशीबद्दल पुढं इंग्लंडच्या पार्लमेंटातही सवाल उठले. थाळनेरचं जे झालं तो न्याय नव्हता. बाकीच्या किल्ल्यांना बसवलेली ती दहशत होती, आणि ती लागू पडली.

याच महिन्यात, ११ फेब्रुवारीला, इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टननं साताऱ्याहून एक जाहीरनामा काढला होता. हरणाऱ्या फौजेतल्या साध्या माणसाच्या दृष्टीनं या युद्धातला सगळ्यात मोठा कागद तोच. वतनं, इनामं, देवस्थानं, वर्षासनं चालू राहतील. पण बाजीरावाच्या चाकरीत असलेल्यांनी दोन महिन्यांच्या आत ती सोडून आपापल्या घरी जावं, नाही गेलं तर त्यांची धूळधाण होईल. हा कागद गावोगाव फिरला. नऊ दिवसांनी, २० फेब्रुवारीला, सोलापूरकडच्या आष्टीला पेशव्याचे सेनापती बापू गोखले घोड्यावर लढता लढता पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. बाजीरावाच्या छावणीतून रात्रीतून घोडे नाहीसे होऊ लागले. या माणसांना फितूर म्हणणं सोपं आहे. पण ज्या धन्यानं महिनोन् महिने रोजमुरा दिला नाही, जो स्वतः लढाईच्या जागेपासून दूर राहिला, त्याच्यासाठी गावचं वतन पणाला लावायला कोण तयार होणार? शिलेदार घोडा घेऊन घरी गेला. घोडा त्याचा स्वतःचा होता, म्हणून तो नेता तरी आला.

याच मुद्द्यावर ४७ वर्षांनी सातासमुद्रापलीकडे दुसऱ्या एका हरलेल्या सेनापतीनं तोंड उघडलं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या ११ राज्यांनी गुलामगिरी टिकवण्यासाठी वेगळं राष्ट्र काढलं. त्या कॉन्फेडरेट फौजेतला घोडेस्वारही आपला घोडा घरून आणायचा. ९ एप्रिल १८६५ला व्हर्जिनियातल्या अ‍ॅपोमॅटॉक्स गावी जनरल ली शरण आले, तेव्हा आपल्या फौजेत स्वारांचे घोडे त्यांच्या मालकीचे असतात, हे त्यांनी उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या कानावर घातलं. ग्रँटनं तहाचा मसुदा बदलला नाही, पण ज्याचा घोडा असेल त्यानं तो शेताच्या कामाला घरी न्यावा, असा हुकूम मात्र दिला. पेरणीचे दिवस होते. तिथल्या घोडेस्वारांपैकी काहींचं पुढं बरं चाललं. छापेमार तुकडीचा प्रमुख जॉन मॉस्बी हाँगकाँगला अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून गेला. घोडदळाचा सेनापती जो व्हीलर १८९८च्या स्पेनबरोबरच्या लढाईत ज्या सरकारविरुद्ध लढला होता त्याच सरकारचा गणवेश घालून उतरला. साध्या स्वाराला वॉशिंग्टनहून निवृत्तिवेतन नव्हतं. म्हातारपणी जे मिळालं ते त्याच्या राज्याकडून, तेही पुष्कळ वर्षांनी आणि हलाखी सिद्ध केल्यावर. तरी त्याच्या नावाचे कागद राहिले, दाखले राहिले, थडग्यावर पलटणीचं नाव कोरलं गेलं. आपल्याकडच्या बारगिराच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

बाजीरावाची पळापळ सातपुड्याच्या पायथ्याशी संपली. ३ जून १८१८ला असीरगडाजवळ धूळकोटच्या मुक्कामी तो सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाखांचं वर्षासन आणि बिठूरला राहणं असा करार झाला. धन्याची सोय लागली; बरोबरच्या माणसांची लागली नव्हती. काही दिवसांतच छावणीतल्या अरबांनी बाजीरावाच्या तंबूला गराडा घातला. त्यांची मागणी एकच, थकलेला पगार. कालपर्यंत त्यांच्या जिवावर फिरणारा पेशवा त्या तंबूत त्यांचाच कैदी झाला. इंग्रज पलटणी सज्ज उभ्या, एक गोळी सुटली असती तर पेशव्याचा जीव गेला असता. शेवटी माल्कमनं मध्ये पडून देण्याघेण्याचा निकाल लावला. अरब बाजूला झाले, आणि बाजीराव काहीशे स्वार घेऊन नर्मदा उतरून कायमचा उत्तरेकडे गेला. शनिवारवाड्याच्या फौजेचा हिशेब असा एका तंबूभोवती चुकता झाला.

अरबांनी खानदेश एवढ्यानं सोडला नाही. मालेगावच्या किल्ल्यात ते मे-जून १८१८मध्ये महिनाभर झुंजले. या लोकांना परतायला इथं गाव नव्हतं, वतन नव्हतं. हाती असलेला किल्ला हीच त्यांची मिळकत. म्हणूनच सबंध युद्धात सगळ्यात चिवट लढाई त्यांनी केली.

आता पेंढाऱ्यांकडे वळायला हवं, कारण पराभवानंतरच्या आयुष्याचे सगळे नमुने त्यांच्यात एकत्र दिसतात. पेंढारी हे शिंदे-होळकरांच्या फौजांमागून फिरणारे बिनपगारी स्वार. लुटीची मुभा मिळावी म्हणून तेच सरदाराला पालपट्टी द्यायचे. लांब बांबूचा भाला, तोबऱ्यात घोड्याचा दाणा, खोगिराखाली भाकरी, आणि दिवसाला ४०-५० मैलांची मजल. त्यांना लोककथेतल्या दिलदार दरोडेखोराचा मुलामा देण्यात अर्थ नाही. मार्च १८१६मध्ये ते आंध्र किनाऱ्यावर गुंटूरच्या मुलखात शिरले. अकरा-बारा दिवसांत त्यांनी ३३९ गावं लुटली. पुढं नेमलेल्या चौकशीत १८२ माणसं मारली गेल्याची, ५०५ जबर जखमी झाल्याची आणि ३,६०३ जणांचा छळ झाल्याची नोंद झाली. नाकाला तापल्या राखेचे तोबरे बांधून लपवलेला पैसा काढणारे लोक होते ते.

१८१७च्या हिवाळ्यात इंग्रजांनी चहूकडून फौजा आणून त्यांना कोंडीत धरलं. आणि मग प्रत्येक म्होरक्याची कहाणी वेगळी झाली. नामदारखान फेब्रुवारी १८१८च्या सुरुवातीला शरण आला. करीमखान १५ फेब्रुवारीला माल्कमपुढं आला. त्याला गोरखपूरकडे जमीन देऊन बसवलं आणि मध्य हिंदुस्थान ज्याच्या नावानं कापायचा तो माणूस उरलेलं आयुष्य जमीनदार म्हणून जगला. वासिल महंमद शिंद्यांच्या आश्रयाला ग्वाल्हेरला गेला, तिथून इंग्रजांच्या ताब्यात आला, गाझीपूरला नजरकैदेत ठेवला गेला, आणि सुटकेची आशा संपल्यावर त्यानं विष घेतलं.

चौथा चितू. त्यानं करीमखानासारखा सौदा केला नाही. समुद्रापार पाठवतील या भीतीनं तो शरण यायला धजत नव्हता, असं सांगतात. नागपूरचे आप्पासाहेब भोसले कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात होते. चितू त्यांना जाऊन मिळाला. पण असीरगडाच्या दारात त्याला थारा मिळाला नाही. साथीदार एकेक करून गळाले. १८१९च्या सुरुवातीला सातपुड्या-नर्मदेच्या जंगलात तो एकटा उरला. काही दिवसांनी एक घोडा चरताना सापडला, खोगीर तसंच कसलेलं. खोगिराच्या पिशवीत २५० रुपये, काही मुद्रेच्या अंगठ्या आणि आप्पासाहेबांची पत्रं, पुढं मोठी जहागीर देऊ अशा वचनांची. जवळच रक्ताळलेले कपडे, फुटकी हाडं, आणि थोडं पुढं वाघाच्या जाळीपाशी चितूचं शिर. ते माल्कमच्या छावणीत नेऊन ओळख पटवली गेली. २० हजारांच्या टोळ्यांचा एक नायक असा संपला. दोनच महिन्यांत, ९ एप्रिल १८१९ला, असीरगडही पडला.

चौघांच्या या नशिबांत एक गोष्ट उघड दिसते. ज्याची इंग्रजांना धास्ती होती आणि जो वेळेवर आला, त्याला जमीन मिळाली. जो बिनबोभाट घरी गेला त्याला काहीच मिळालं नाही, कारण त्याची कुणाला भीती नव्हती. साधे पेंढारी माळव्यात, भोपाळकडे नांगर धरून बसले. दक्षिणेत मोठ्या सरदारांच्या जहागिरी बऱ्याच अंशी राखल्या गेल्या. पण पागा मोडल्या, आणि पागेबरोबर बारगीर, मोतद्दार, नालबंद, जीनगर या सगळ्यांची चूल विझली. जीनगरांना दुसऱ्या कामाकडे वळावं लागलं. कुठल्याही तहात त्यांच्यासाठी कलम नव्हतं.

पेशव्याच्या मर्जीतला त्र्यंबकजी डेंगळे यानंही याच मुलखाचा आसरा घेतला होता. सप्टेंबर १८१६मध्ये ठाण्याच्या तुरुंगातून पळाल्यावर त्यानं नाशिक-खानदेशात भिल्ल, रामोशी आणि बेकार स्वार गोळा केले. जून १८१८च्या अखेरीस निफाडजवळच्या अहिरगावात तो पकडला गेला. पकडणारा होता कोरेगावला लढलेला तोच स्वान्स्टन, आणि त्याच्यामागं होते तेच ऑक्झिलरी हॉर्सचे मराठी स्वार. डेंगळ्याला चुनारच्या किल्ल्यात कोंडलं. १८२९ साली तो तिथंच मेला.

खानदेशाची अवस्था तेव्हा भयंकर होती. १८०२मध्ये यशवंतराव होळकरांची फौज मुलूख तुडवत गेली, पाठोपाठ १८०३-०४चा दुष्काळ आला. गावंच्या गावं ओस पडली. गावची राखण करणारे जागले भिल्ल उपाशी राहिले आणि डोंगरात शिरले. त्यांचा बंदोबस्त म्हणून सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानं कोपरगावला बोलावून आणून त्यांची कत्तल केली. बोलावून मारणं ही गोष्ट भिल्ल पिढ्यांत विसरले नाहीत. १८१८नंतर तर चाकरी गेलेले शिपाई, अरब जमादार, किल्ले गमावलेले लोक आणि भिल्ल नायक अशी सगळी सरमिसळ या डोंगरात झाली. पोलिटिकल एजंट म्हणून आलेल्या कॅप्टन ब्रिग्जनं आधी पलटणी घालून डोंगर झोडपले, आणि भागेना तेव्हा शरण येणाऱ्या नायकांना वर्षासनं बांधून दिली. तापानं पलटणी अर्ध्या होत, भिल्ल वर सरकत. सात वर्षं हाच खेळ चालला.

१८२५ साली एल्फिन्स्टननं धोरण पालटलं. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी निघाल्या. त्यांतली वायव्येची कुकरमुंड्याला. कुकरमुंडा खापरपासून फार लांब नाही. पश्चिम खानदेशातली काही गावं १९६०मध्ये गुजरातेत गेली, त्यांत तेही गेलं. नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर, डांग आणि हे मेवास एवढ्या टापूचा कारभार तिथून चालायचा. शेतीवर बसणाऱ्याला तगाई, बैल, बी-बियाणं; नायकांशी करारमदार; आणि लढणाऱ्यासाठी नवी पलटण, खानदेश भिल्ल कोअर.

ही पलटण उभी करणारा जेम्स औट्रम तेव्हा २२ वर्षांचा होता. त्यानं धरणगावला ठाणं दिलं. पहिल्यांदा पुढं आले अवघे पाच जण. बाकीच्यांना कोपरगाव आठवत होतं. एका जागी गोळा करून मारतील ही शंका त्यांच्या मनातून जाईना. औट्रम पहारा न ठेवता त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर दारू प्याला, त्यांच्याबरोबर वाघ मारले. १८२५ ते १८३४ या काळात १९१ वाघांच्या शिकारीत तो हजर होता, असा त्याच्या चरित्रकाराचा आकडा आहे. सातपुड्याच्या या भागात वाघ का कमी झाले, याचंही थोडं उत्तर त्या आकड्यात आहे. दोन-तीन वर्षांत पलटण सहाशेच्या घरात गेली. १८२७च्या अखेरीस ती मालेगावला पोचली तेव्हा औट्रमच्या जुन्या २३व्या पलटणीतल्या वरच्या जातींच्या शिपायांनी या भिल्लांना आपल्यात बसवून पानसुपारी दिली. ज्यांची सावली टाळायची त्यांच्या हातात विडा ठेवला गेला. त्या दिवसापासून भिल्ल शिपाई ताठ चालू लागला, आणि भरतीला माणूस कमी पडला नाही.

या कामगिरीत इंग्रजांचं शहाणपण होतं, हे मान्य करावं. त्यात मोठेपणा शोधू नये. डोंगरातल्या माणसाविरुद्ध डोंगरातलाच माणूस उभा करण्याची ही युक्ती होती. तरीही एक खरं की बारगिराला नाकारलेली गोष्ट भिल्ल शिपायाला मिळाली: नियमित पगार, नावाची नोंद आणि म्हातारपणी काही आधार. तो डोंगरात होता आणि त्याचा बाण लागत होता, म्हणूनच मिळाली.

शिलेदारांच्या कहाणीचं एक टोक औट्रमच्याच आयुष्याला पुन्हा येऊन मिळतं. पूना ऑक्झिलरी हॉर्स पुढं पूना हॉर्स झालं, आणि त्यात शिलेदारी पद्धत चालूच राहिली: स्वारानं घोड्यापोटी रक्कम भरायची, सरकारनं ठरलेला पगार द्यायचा, दाणावैरण त्यातूनच. ८ फेब्रुवारी १८५७ला इराणात खुशाबला जी लढाई झाली तिचा सेनापती औट्रम होता. रात्रीच्या कूचात त्याचा घोडा अडखळून त्याच्यावरच कोसळला आणि बराच वेळ तो बेशुद्ध होता. त्या दिवशी पूना हॉर्सनं टोकाला चांदीचा हात असलेलं इराणी निशाण जिंकून आणलं. पेशवाईला ओहोटी लागली तेव्हा भरती झालेल्यांचे मुलगे-नातू बुशहरच्या वाळवंटात इंग्रजांसाठी लढले. हिंदी घोडदळातली शिलेदारी १९२१च्या सुमारास बंद झाली. घोडा माणसाच्या मालकीचा असण्याचा तो शेवट.

१८५८च्या नोव्हेंबरात सातपुड्याचे डोंगर पुन्हा घोडेस्वारांनी भरले. १८५७च्या उठावातले सेनानी तात्या टोपे नर्मदा उतरून दक्षिणेत आले होते. बिठूरच्या वर्षासनाचा धागा तिथवर येतो: २८ जानेवारी १८५१ला बाजीराव वारला, कंपनीनं आठ लाख बंद केले, आणि त्याच्या दत्तक पुत्राचं, नानासाहेबांचं, भांडण तिथून पेटलं. तात्यांच्या स्वारांत शिंद्यांच्या मोडलेल्या पलटणींतले लोक होते, कंपनीच्या घोडदळातले होते, उत्तर हिंदुस्थानातले पठाण होते. दख्खनेत शिरता आलं तर पेशव्याच्या नावानं लोक उठतील ही आशा होती. खानदेशच्या घाटांवर बंदोबस्त बसला. सेंधवा घाटात खाज्या नाईकानं आधीच उठाव केला होता. हा माणूस वर्षानुवर्षं मुंबई-आग्रा रस्त्यावर सरकारची राखणदारी करत होता, मग शिक्षा होऊन तुरुंगात गेला, आणि सुटल्यावर बंडाचा म्होरक्या झाला. ११ एप्रिल १८५८ला आंबापाणीला त्याच्या भिल्लांची इंग्रजांशी मोठी लढाई झाली. १८६० साली त्याच्याच गोटात शिरलेल्या माणसाकडून तो दग्यानं मारला गेला.

तात्या खानदेशात उतरू शकले नाहीत. सातपुड्याच्या कडेकडेनं पश्चिमेला सरकत, २६ नोव्हेंबरच्या सुमारास बडवाणीकडून नर्मदा परत ओलांडून ते बडोद्याच्या रोखानं निघाले. १ डिसेंबरला छोटा उदेपूरला ब्रिगेडियर पार्कनं त्यांना गाठलं. खापरहून सरळ उत्तरेला सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की तेच गाव येतं. फौज तिथं फुटली. यावेळीही एक जाहीरनामा निघाला होता, १ नोव्हेंबरचा राणीचा. इंग्रज प्रजेच्या खुनात हात नसलेल्यानं १ जानेवारी १८५९च्या आत हत्यार ठेवून घरी जावं, त्याला माफी. एल्फिन्स्टननं साताऱ्याहून काढलेला कागद आणि हा, दोन्हींत शब्द वेगळे असले तरी घरी जा एवढंच दोघांचं म्हणणं. थंडीच्या त्या दिवसांत राजपुतान्यात तात्यांचे स्वार दहा-वीसच्या जथ्यांनी निघून गेले. तात्यांना १८ एप्रिल १८५९ला शिवपुरीला फाशी दिलं. त्यांच्याबरोबरचे रावसाहेब पेशवे १८६२पर्यंत वेश पालटून हिंडले आणि ऑगस्टमध्ये फासावर गेले.

त्याच सुमारास अमेरिकेत तोफा सुरू झाल्या होत्या. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमारानं कोंडली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि भाव चढू लागला तो खानदेशाच्या काळ्या रानात. जळगावची पेठ त्या चार वर्षांत भरभराटीला आली. लांब पल्ल्याचा घोडा ज्या वाटांनी दौडायचा त्या वाटांवर कापसाच्या गाड्या लागल्या. ज्यांच्या आज्यानं पेशव्यांच्या नाहीतर होळकरांच्या स्वारीत घोडा घातला होता, अशा घरांनी बैल घेतले, जमिनी घेतल्या, काहींनी कर्जंही घेतली. १८६५च्या वसंतात लीचे स्वार घोडे घेऊन शेताकडे वळले आणि मुंबईत भाव कोसळला. १ जुलैला शेअरच्या वायद्यांची मुदत आली तेव्हा मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. कर्ज मात्र गावातल्या सावकाराच्या वहीत तसंच राहिलं, आणि पुढच्या दहा वर्षांत दख्खनेत तशाच वह्या जाळल्या गेल्या.

भिल्ल कोअर १८९१पर्यंत टिकली, मग जिल्ह्याच्या पोलिसांत विरली. पूना हॉर्सच्या घोड्यांची जागा दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास गाड्यांनी आणि रणगाड्यांनी घेतली. १९६५मध्ये फिल्लौऱ्याला लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१मध्ये बसंतरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या पलटणीतून लढले. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. तारापोर मूळचे हैदराबाद संस्थानच्या फौजेतले. १९४८ साली ते संस्थान भारतात सामील झालं, त्याचं सैन्य मोडलं, आणि त्या मोडलेल्या सैन्यातल्या या तरुण अधिकाऱ्याला भारतीय लष्करानं आपल्यात घेऊन पूना हॉर्समध्ये जागा दिली.